म्युनिकमधील मुलाचा चिपचा पासपोर्ट: अर्ज तिथून करावा की पुण्यात येऊन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील एका निवृत्त गृहस्थांचे चिरंजीव म्युनिकमध्ये नोकरीला आहेत. पुण्यातून काढलेल्या त्यांच्या पासपोर्टची मुदत येत्या अकरा महिन्यांत संपते. सूनबाईंच्या पासपोर्टला अजून चार वर्षे आहेत, पण त्यावर माहेरचे नाव आहे. नात पाच महिन्यांची असून तिचा जन्म म्युनिकमधलाच आहे. भारताचाही चिप असलेला, म्हणजे बायोमेट्रिक पासपोर्ट आता मिळू लागल्याने दिवाळीच्या सुटीत सर्वांनी पुण्यात येऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून तो काढावा, की जर्मनीतूनच अर्ज करावा, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय पासपोर्टवर ज्या सोसायटीचा पत्ता आहे ती इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली आहे, त्याचे काय करायचे, हाही प्रश्न आहे.

पुण्यात पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशी कागदपत्रांचे काम अनेक वर्षे करत असल्याने माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तिघांचेही अर्ज म्युनिकमधील भारतीय वाणिज्य दूतावासातच करावेत, पुण्यात करू नयेत, आणि सुरुवात चिरंजीवांच्या पासपोर्टपासून न करता नातीपासून करावी. आपल्या पत्रात नातीचा उल्लेख सर्वांत शेवटी आला आहे, पण कायद्याने घातलेली खरी मुदत तिच्याच बाबतीत आहे.

भारताबाहेर जन्मलेले मूल आई-वडील भारतीय असले तरी आपोआप भारतीय नागरिक होत नाही. ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार, जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो. मुलाकडे अन्य कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी त्या वेळी लिहून द्यायचे असते. वर्ष उलटले तरी दार कायमचे बंद होत नाही, पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण दिल्लीला जाऊन बसते. ही नोंदणी झाल्यावरच नातीच्या पासपोर्टचा अर्ज पुढे सरकतो. पासपोर्ट नसताना तिला विमानात बसवून पुण्यात आणता येणार नाही, त्यामुळे ‘सगळ्यांनी दिवाळीला येऊन काढू’ हा बेत मुळातच निकालात निघतो. जर्मनीची स्वतःचीही एक मुदत आहे. तिथे जन्मलेल्या परदेशी बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. तो अद्याप केला नसेल तर पासपोर्टची वाट न पाहता आधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज टाकून ठेवावा आणि पासपोर्ट हाती आल्यावर सादर करावा.

एक गोष्ट मात्र नोंदणीपूर्वी तपासावी. बाळाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी कोणीही जर्मनीत पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेले असेल आणि त्यांच्याकडे कायमस्वरूपी निवासाचा हक्क असेल, तर जर्मन कायद्याने ते बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. पूर्वी ही अट आठ वर्षांची होती, २७ जून २०२४ पासून ती पाचवर आली. आपले चिरंजीव तिथे किती वर्षे आहेत आणि त्यांच्याकडे साधे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा मुदतीचा परवाना आहे, की कायम निवासाचा परवाना, हे आपण लिहिलेले नाही. कायम परवाना असेल तर नातीसाठी भारतीय पासपोर्ट घ्यायचा, की जर्मन पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारे कार्ड) घ्यायचे, याचा निर्णय आई-वडिलांनी आधी करावा. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालते म्हणून भारतालाही चालते, असा समज इथल्या अनेक घरांत पसरलेला दिसतो. भारताचा पासपोर्ट आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट एकाच वेळी बाळगणे आपल्या कायद्याला मान्य नाही, मग दुसरा देश काहीही म्हणो.

आता चिपविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा सगळा रोख तिकडे आहे. भारताने ई-पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ रोजी केली, २०२५ मध्ये देशभरातील पासपोर्ट कार्यालयांतून तो मिळू लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस परदेशातील दूतावासांसाठीही ‘ग्लोबल पासपोर्ट सेवा’ची दुसरी आवृत्ती सुरू झाली. त्यामुळे चिपसाठी मुंढव्यालाच यायला हवे, असे आता राहिलेले नाही. अर्जात ‘साधा’ आणि ‘चिपचा’ असा पर्याय नसतो आणि चिपसाठी वेगळे शुल्कही नसते. ज्यांच्या जुन्या पासपोर्टला मुदत शिल्लक आहे त्यांनी केवळ चिपसाठी तो बदलण्याची काहीच गरज नाही, कारण जुने पासपोर्ट त्यांच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत पूर्ण वैध आहेत.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आखून दिलेल्या मानकानुसार या चिपमध्ये छायाचित्राच्या पानावरचीच माहिती आणि चेहऱ्याचे छायाचित्र साठवलेले असते. मानकात चेहरा बंधनकारक आहे, बोटांचे ठसे ऐच्छिक आहेत. त्या माहितीवर सरकारची डिजिटल स्वाक्षरी असते, आणि चिपचा खरा उपयोग तिथेच आहे. पानावरचा फोटो बदलणारा भामटा चिपमधला फोटो बदलू शकत नाही, कारण बदलताच स्वाक्षरी जुळेनाशी होते आणि विमानतळावरच्या यंत्राला ते लगेच कळते. खिशातला पासपोर्ट पीएमपी बसच्या गर्दीत कोणी शेजारी उभा राहून वाचून घेईल, ही भीतीही अनाठायी आहे. चिप वाचण्यासाठी लागणारी किल्ली छायाचित्राच्या पानाखाली छापलेल्या दोन ओळींतून, म्हणजे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांवरून तयार होते. पासपोर्ट उघडून ते पान यंत्राला दाखवल्याशिवाय चिप बोलत नाही, आणि बोलते तीही अगदी काही सेंटिमीटर अंतरावरूनच.

नव्या पासपोर्टच्या पुढच्या वेष्टनावर खाली एक लहानसे सोनेरी चिन्ह असते, ती याची खूण. चिप आणि तिचा अँटेना पुस्तिकेतच बसवलेले असल्याने आपल्याकडील एक सवय आता महागात पडू शकते, ती म्हणजे पासपोर्टला स्टेपल मारण्याची. तिकीट, विम्याचा कागद, व्हिसाचा अर्ज, सगळे काही वेष्टनालाच टाचून देणारी कार्यालये पुण्यात आजही आहेत. पासपोर्ट देताना त्यांना स्पष्ट शब्दांत नको म्हणून सांगावे.

थोडक्यात, चिपमुळे अर्जदाराच्या कामात फारसा फरक पडलेला नाही. अर्ज अडतो तो नेहमीच्याच कारणांनी, म्हणजे जुनी नोंद आणि नवा अर्ज एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून.

पुण्यात का करू नये, याचे कारण पत्ता आणि जर्मनीतला निवास परवाना अशा दोन्ही बाजूंनी येते. भारतात अर्ज करताना ‘सध्याचा पत्ता’ लिहावा लागतो आणि पोलीस पडताळणी त्या पत्त्यावर होते. तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेला माणूस तो पत्ता कोथरूडचा लिहितो, मुंढव्याला ए, बी, सी या तिन्ही काउंटरवरचे काम सुरळीत पार पाडतो, आणि पोलीस ठाण्यातून फोन येतो तेव्हा तो म्युनिकला परतलेला असतो. ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा एकदा पडला की तो निस्तरायला महिने जातात. शिवाय, राहत नसलेल्या ठिकाणी राहतो असे लिहिणे ही नुसती अडचण नाही. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ नुसार खोटी माहिती देऊन किंवा माहिती दडवून पासपोर्ट मिळवणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुटीवर आलेल्या माणसावर कोणी सहसा खटला भरत नाही हे मला माहीत आहे, पण तेवढ्यावर विसंबून अर्ज भरावा असा सल्ला मी कोणालाही देत नाही.

तत्काळ योजनेत पासपोर्ट आधी मिळतो आणि पडताळणी बहुधा नंतर होते, म्हणून बरेच जण तो मार्ग सुचवतात. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, ६० पानीला २,००० रुपये आणि तत्काळसाठी वर २,००० रुपये, इतक्यात काम होते हे खरे. परंतु जर्मनीचा निवास परवाना जुन्या पासपोर्टशी जोडलेला असतो, आणि नवा पासपोर्ट घेऊन परतताना फ्रँकफर्टच्या किंवा म्युनिकच्या विमानात चढण्यापूर्वी मुंबईच्या काउंटरवर दोन्ही पासपोर्ट आणि कार्ड दाखवून समजावत बसावे लागते. बहुतेकदा ते निभावते. पासपोर्ट हरवला, पाने अचानक संपली किंवा घरी कोणाचे दुखणे निघाले आणि इथे राहणे लांबले, अशा वेळी हा मार्ग जरूर वापरावा. हाताशी अकरा महिने असताना मात्र त्याची गरज नाही.

उलट, अकरा महिने ही अर्जासाठी अगदी योग्य वेळ आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्टचा री-इश्यू, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट, मागता येतो. जर्मनीत परदेशी व्यक्तीने वैध पासपोर्ट बाळगणे हे कायदेशीर कर्तव्य आहे आणि निवास परवान्याचे कार्ड सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही. म्हणजे कार्डाचे नूतनीकरण पासपोर्टवर अडते, आणि म्युनिकच्या परदेशी नागरिक कार्यालयात वेळ मिळायलाच अनेक आठवडे लागतात. दोन्हींचा हिशेब उलट्या दिशेने मांडला तर आज अर्ज करणे ही घाई ठरत नाही. अमेरिकेत ज्यांची मुले आहेत त्यांनीही याची नोंद घ्यावी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तिथे उतरणाऱ्याची आय-९४ या प्रवेशनोंदीवरील मुक्कामाची तारीख पुष्कळदा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच कापून दिली जाते, मग व्हिसाला कितीही वर्षे शिल्लक असोत, आणि घरच्यांना याचा पत्ता पासपोर्ट संपत आल्यावर लागतो.

आता पाडलेल्या इमारतीचा प्रश्न. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत ही अडचण आता घरोघरी आहे. दूतावास अर्जातील माहिती पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयातील जुन्या नोंदीशी ताडून पाहतो आणि गरज वाटल्यास इथल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी मागवतो. कधी कधी ही पडताळणी नवा पासपोर्ट हाती पडल्यानंतरही येते. हवालदार पत्ता शोधत येतो तेव्हा त्याला निळ्या पत्र्यांचे कुंपण, आत पोकलेन आणि बाहेर बिल्डरचा फलक एवढेच दिसते. शेजारी विचारावे तर तेही भाड्याच्या घरांत पांगलेले. त्याने ‘पत्ता अस्तित्वात नाही’ असे लिहिले तर त्यात त्याची चूक नाही.

म्हणून चिरंजीवांच्या अर्जात सध्याचा पत्ता म्युनिकचा द्यावा, जो खराच आहे आणि ज्याचा पुरावा तिथल्या नगरपालिकेच्या निवास नोंदणीच्या दाखल्याने देता येतो. भारतातील पत्ता म्हणून आपण आज ज्या भाड्याच्या घरात राहता तो लिहावा, कारण तिथे दार उघडणारा माणूस आहे आणि ‘हो, यांचा मुलगा जर्मनीत असतो’ असे सांगणारा शेजारी आहे. जुना पत्ता पासपोर्टवर होता म्हणून तोच पुढे ओढत नेण्याचा मोह टाळावा. भाडेकरार नोंदणीकृत असल्याची खात्री करून घ्यावी आणि बिल्डरशी झालेल्या करारनाम्याची व सोसायटीच्या पत्राची प्रत भाडेकरारासोबत ठेवावी, म्हणजे पत्ता का बदलला याचे उत्तर कागदावर तयार राहते. नव्या इमारतीचा ताबा मिळाल्यावर लगेच पासपोर्ट पुन्हा बदलायला धावू नये. पासपोर्टवरील पत्ता बदलायचा म्हणजे पूर्ण नवी पुस्तिका काढायची, आणि जर्मनीत राहणाऱ्या माणसाला त्या पत्त्याचे दैनंदिन व्यवहारात काही काम पडत नाही.

सूनबाईंच्या नावाविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण मराठी घरांत हाच भाग सर्वांत जास्त गुंततो. आपल्या पद्धतीत मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव येते, आणि लग्नानंतर ही दोन्ही बदलतात. पासपोर्टमध्ये स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होते, आडनाव वेगळ्या ओळीत येते. म्हणजे लग्नानंतर नाव बदलले की केवळ आडनाव नव्हे, ‘गिव्हन नेम’चा अर्धा भागही बदलतो, आणि जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती जवळजवळ वेगळीच व्यक्ती होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे पूर्ण नाव, आधारवर सासरचे, पॅनवर कधी नुसते नाव आणि आडनाव, अशी चार कागदांवर चार नावे असलेल्या सुना मी रोज पाहतो. भारतात याने फारसे अडत नाही, कारण वाचणाऱ्याला पद्धत ठाऊक असते. जर्मनीत बँक, आरोग्य विमा, नोकरीचा करार, पदवीची मान्यता आणि निवास परवाना या सर्व ठिकाणी पासपोर्टवरचे नाव अक्षरशः उतरवलेले असते.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. सूनबाईंनी जर्मनीतील सर्व नोंदी माहेरच्या नावाने केल्या असतील आणि त्यांना त्यात अडचण नसेल, तर नाव आहे तसेच ठेवून पासपोर्टमध्ये केवळ पतीचे नाव घालून घेता येते. पती-पत्नीच्या नात्याची नोंदही होते आणि बाकी काही बदलत नाही. घरच्या मंडळींना हे कधी कधी रुचत नाही, हे मी जाणून आहे. पण निर्णय ज्या व्यक्तीला दहा कार्यालयांत जाऊन कागद बदलायचे आहेत तिनेच घ्यावा. सूनबाईंच्या पासपोर्टची मुदत चार वर्षांनी संपणार असल्याने आत्ताच काही करण्याची निकडही नाही. नाव बदलायचेच असेल तर ते चिरंजीवांच्या अर्जानंतर, स्वतंत्रपणे आणि निवास परवान्याचे काम चालू नसेल अशा काळात करावे. दोघांचे पासपोर्ट एकाच वेळी बदलायला गेले आणि एकाची चौकशी लांबली तर पूर्ण कुटुंबाचा प्रवास थांबतो.

नातीच्या नावाबाबत आता काही करण्यासारखे उरलेले नाही, तरी समजून घ्यावे. तिचा पासपोर्ट जर्मन जन्मदाखल्यावरील नावाप्रमाणेच निघेल. दाखल्यावर वडिलांचे नाव मध्ये घातलेले नसेल, तर आपल्या रीतीप्रमाणे ते पासपोर्टमध्ये घाला म्हणून आग्रह धरू नये. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलांसाठीही आता जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच ग्राह्य धरतात, त्यावरून त्या कागदाचे वजन लक्षात यावे. जर्मनीत अनेक भाषांतील आंतरराष्ट्रीय जन्मदाखला मिळतो. तोच घ्यावा, म्हणजे भाषांतराचा खर्च आणि वेळ वाचतो. अर्जावर आई आणि वडील दोघांच्या संमतीचे परिशिष्ट ‘डी’ लागते, आणि बाळाच्या सहीच्या चौकटीत अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. हा ठसा बाळ झोपलेले असताना घ्यावा. जागे असताना मूठ उघडतच नाही, आणि शाई अर्जावर कमी आणि दुपट्यावर जास्त लागते.

अर्ज भरताना ‘फ्रेश’ आणि ‘री-इश्यू’ यांतील निवड नीट करावी. चिपचा पासपोर्ट प्रथमच काढतो म्हणून ‘फ्रेश’ निवडणारे लोक आहेत, आणि तो अर्ज तिथेच चुकतो. ज्याने कधीही भारतीय पासपोर्ट काढला असेल त्याचा अर्ज री-इश्यूचाच असतो. नातीचा मात्र ‘फ्रेश’ असेल. चिरंजीवांच्या अर्जात कारण म्हणून मुदत संपत आल्याचे लिहावे आणि पत्त्यातील बदलही दाखवावा. जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचा फाइल क्रमांक अचूक उतरवावा. पुण्याचा असल्याने तो ‘पीएन’ या अक्षरांनी सुरू होईल. दूतावासाच्या जुन्या संकेतस्थळावर कधी काळी उघडलेल्या खात्यावर विसंबू नये, नव्या प्रणालीत नवे खाते उघडूनच अर्ज भरावा. संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना, हे पाहावे, कारण हुबेहूब दिसणारी आणि पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे पुष्कळ आहेत. अर्जाची छापील प्रत दूतावासात द्यायची, नेमलेल्या सेवा केंद्रात द्यायची की टपालाने पाठवायची, आणि स्थानिक चलनात शुल्क किती, हे प्रत्येक दूतावासाचे वेगळे असते आणि बदलते. ते म्युनिकच्या दूतावासाच्या पानावर अर्जाच्या दिवशीच वाचावे, मित्राने मागच्या वर्षी काय केले यावर जाऊ नये.

छायाचित्राने सर्वाधिक अर्ज परत येतात. पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढलेला, चेहऱ्यावर सावली नाही, डोके आणि खांद्यांचा वरचा भाग दिसेल आणि चेहरा चित्राचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापेल, अशी अपेक्षा असते. संकेतस्थळावर चढवायचे चित्र ६३० बाय ८१० पिक्सेलचे लागते. जर्मनीत एक वेगळीच अडचण होते. तिथल्या सरकारी ओळखपत्रांसाठी मे २०२५ पासून छायाचित्र थेट डिजिटल मार्गाने कार्यालयात जाते, त्यामुळे फोटो काढणारा सवयीने हातात नुसता कोड ठेवतो. आपल्याला छापील प्रती आणि मूळ फाइल दोन्ही हव्यात, हे फोटो काढण्यापूर्वीच सांगावे. नातीचा फोटो पांढऱ्या चादरीवर निजवून, वरून, खिडकीच्या उजेडात काढावा. तिला धरणाऱ्याचा हात चित्रात येता कामा नये, तोंड मिटलेले आणि डोळे उघडे हवेत, आणि पाच महिन्यांच्या बाळाकडून हे मिळवायला एक सकाळ जाते.

नवा पासपोर्ट आल्यावर पाकीट फोडताच नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मस्थान आणि शेवटच्या पानावरची आई-वडिलांची नावे तपासावीत. छापलेल्या पानावर चूक असेल तर चिपमध्येही तीच चूक असते, आणि ती पेनाने सुधारण्याची सोय नाही. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यात एखाद्या देशाचा वैध व्हिसा असेल तर तो जपून ठेवावा, कारण अमेरिकेसारखे देश जुन्या पासपोर्टमधला व्हिसा नव्यासोबत दाखवला की ग्राह्य धरतात. निवास परवान्याचे नवे कार्ड मिळेपर्यंतच्या काळात प्रवास करावाच लागला तर जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि जुने कार्ड ही तिन्ही सोबत असावीत. चिरंजीव पुढे-मागे जर्मन नागरिकत्व घेणार असतील, तर ज्या दिवशी ते मिळेल त्या दिवशी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार त्यांचे भारतीय नागरिकत्व संपेल आणि हा नवा पासपोर्ट दूतावासाला परत करावा लागेल. तोपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर तो लागणारच आहे, म्हणून ‘थोड्याच दिवसांसाठी कशाला’ असा विचार करू नये.

पुण्यात राहून आपल्या हातात काय आहे, तर चार कामे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत घेऊन ठेवावी. सूनबाईंनी पतीचे नाव घालायचे ठरवो किंवा नाव बदलायचे ठरवो, आणि नातीच्या जन्मनोंदणीतही, ती लागू शकते. चिरंजीवांचे दहावीचे प्रमाणपत्र शोधून त्याची रंगीत स्कॅन प्रत पाठवावी. मूळ प्रमाणपत्र कुरिअरने पाठवू नये, फारच अडले तर ओळखीच्या कोणासोबत द्यावे. भाड्याच्या घराच्या करारनाम्याची, बिल्डरच्या कराराची आणि आपल्या आधारची एकेक प्रत वेगळ्या फायलीत तयार ठेवावी. आणि पोलीस ठाण्यातून फोन आला तर ‘मुलगा इथे नाही, नंतर या’ असे सांगून ठेवून न देता, तो म्युनिकमध्ये असतो, अर्ज तिथल्या दूतावासात केला आहे आणि कागद घरी आहेत, एवढे सांगून त्यांना वेळ द्यावी.